वडवणीचा कार्बन कसा घटला

आमच्या कार्यालयात ‘कार्बन’ या शब्दाला माझ्या नोकरीची पहिली वीस वर्षं एकच अर्थ होता. दोन कागदांच्या मध्ये घालायचा, बोटं निळी करणारा, आणि उलटा घातला की पत्राची नक्कल पत्राच्याच पाठीवर छापणारा तो पातळ कागद. तो मी अनेकदा उलटा घातला आहे. त्यामुळे निवृत्तीला साडेतीन वर्षं उरली असताना, जिल्ह्यातल्या व्यापारी पेट्रोलियम वापरातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाची माहिती गोळा करा, असं वरून पत्र आलं तेव्हा मी ते स्टेशनरीच्या फाइलला लावलं. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र आलं, तेही तिथंच गेलं. तिसऱ्या पत्रात माझं नाव होतं आणि खुलासा मागितला होता. मग मी पहिलं पत्र काढून वाचलं.

मी आकडेवारीच्या कार्यालयात सहायक होतो. विहिरी, कोंबड्या, शिलाई मशिनी, पिठाच्या गिरण्या, जे सांगतील ते मोजलं. कोंबडी निदान दिसते. हे नवं काम न दिसणाऱ्या वस्तूचं होतं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात मला समजलं ते असं. राज्यात डिझेल किती विकलं गेलं, गॅस किती विकला गेला, हे कंपन्यांच्या विक्रीवरून कळतं. ते कुणी जाळलं, हे कळत नाही. पंपावर भरलेलं कॅनभर डिझेल ट्रकात गेलं, शेतातल्या इंजिनात गेलं की लॉजच्या जनरेटरमध्ये, हे पंपवाल्यालाही ठाऊक नसतं. म्हणून पाच रकाने: घरगुती, शेती, वाहतूक, उद्योग आणि व्यापारी. माझ्याकडे आला शेवटचा. हॉटेलं, लॉज, दवाखाने, दुकानं, मंगल कार्यालयं. तिथं जायचं, महिन्याला काय किती जळतं ते विचारायचं, त्याला ठरलेल्या आकड्याने गुणायचं, की झाला कार्बन डायऑक्साइड.

हा गुणायचा आकडा हेच पहिलं संकट. एक लिटर डिझेल जाळलं की अडीच किलोपेक्षा थोडा जास्त वायू निघतो. चौसाळ्याजवळ हायवेवर ढाबा चालवणाऱ्या नामदेव बप्पांना मी हे सांगितलं. ते जनरेटरच्या बाजूला खाटेवर बसले होते.

“लिटरचं वजन किती भरतंय?” बप्पांनी विचारलं.

“किलोपेक्षा कमीच.”

“अन् त्यातून अडीच किलो निघतंय?”

“हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो ना, बप्पा. त्याचं वजन वाढतं.”

बप्पांनी जनरेटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हवेचं वजन माझ्या नावावर लावायलाव व्हय? हवा काय मी आणली?”

मी फॉर्मवर लिटर लिहिले आणि पुढच्या वेळी गुणाकार कार्यालयात येऊन करायचा असं ठरवलं.

दुसरं संकट रकान्यांचं. सिरसाळ्याच्या एका मंगल कार्यालयात वरातीचा डीजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होता, ट्रॉलीत जनरेटर होता, आणि दोन्हींत एकाच कॅनमधून डिझेल पडत होतं. ट्रॅक्टर चालला की वाहतूक. तोच उद्या नांगराला जुंपला की शेती. जनरेटर मात्र व्यापारी. कॅनमधलं किती कुठं गेलं, असं मी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “नवरदेवाचे दोस्त किती नाचतेत त्याच्यावर हाय.” मी निम्मं-निम्मं लिहिलं. राज्याच्या तक्त्यात सिरसाळ्याच्या नवरदेवांचे दोस्त आजही निम्मेच नाचतात.

या असल्या चुकांचं मला फार वाटत नाही. निम्म्याचा फरक इकडे पडला, तर दुसरा एखादा सहायक दुसऱ्या जिल्ह्यात तो उलट्या बाजूनं करत असतोच. ज्या चुकीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती वडवणीची.

वडवणीत बसस्टँडच्या मागे पत्र्याची खानावळ आहे. तिथं एसटीचे चालक-वाहक, कचेऱ्यांतले एकटे राहणारे कारकून आणि आठवडी बाजाराला आलेली माणसं जेवतात. चालवणाऱ्या कौसाबाई तेव्हा पन्नाशीच्या असतील. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन्ही शेगड्यांवर काम चालू होतं, एकीवर येसर आमटी आणि दुसरीवर भाकरी. मी फॉर्म काढला.

“गॅस कोणता वापरता?”

“गॅस मंजे गॅस. त्याच्यात आणखी कोणता असतोय?”

“लाल टाकी की निळी?”

त्यांचा हात थांबला. “कावून इचारता?”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. लाल टाकी घरच्या स्वयंपाकाची. निळी मोठी, धंद्याची, आणि तिचा भावही चढा. धंद्यात लाल टाकी वापरायला बंदी आहे. पण छोट्या खानावळीत डोकावून बघा, बहुतेक ठिकाणी लालच दिसेल, आणि तिच्यावर गोणपाट टाकलेलं असेल. या लाल टाक्या कागदावर कुणाच्या तरी घरी जळतात. म्हणजे गॅस धंद्याचा आणि धूर घरगुती रकान्यात. आमच्या तक्त्याला सगळ्यात मोठं भोक इथंच होतं, आणि ते बुजवायचं तर माणसानं आपणहून खरं सांगायला हवं होतं.

“तुमचं नाव कुठंही जाणार नाही,” मी म्हणालो. “फक्त आकडा जाईल.”

“आकडा गेला अन् त्याच्या मागं माणूस आला मंजे?”

“माझा शब्द आहे, बाई.”

त्यांनी भाकरी उलटली. माझ्या तोंडाकडे बघून माणूस विश्वास ठेवतो. ही माझ्या तोंडाची खोड आहे.

“लालच हायत,” त्या म्हणाल्या. “म्हैन्याला अकरा. एक गॅसचं कार्ड माझं, एक भावाचं, एक नणंदेचं, एक ह्या शेजारच्या जावंचं, अन् असलेच आणखी सात-आठ. अख्खी भावकी माझ्या शेगडीखाली हाय. आता लिवा. पर नाव नका लिवू. निळी मला परवडायची न्हाई. टाक्या गेल्या तर ही खानावळ गॅसवर राहत न्हाई, एवढं ध्यानात ठिवा.”

मी ध्यानात ठेवलं. अकरा लिहिले, नावाचा रकाना कोरा ठेवला, जेवलो आणि निघालो.

पहिली फेरी संपली. शेकडो फॉर्म जमले, त्यात दुकानांना लागून असलेल्या घरांचेही होते. आमच्याकडे संगणकावर माहिती भरायला कादरी होता, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि मी सांगेन ते जसंच्या तसं करणारा. हा गुण चांगल्या वरिष्ठाच्या हाताखाली चांगला. प्रत्येक फॉर्म उघडून वर्ग ठरवायला महिना लागला असता. मी डोकं चालवलं. फॉर्मवर ‘पाटीवरील मजकूर’ असा एक रकाना होता. मी कादरीला म्हणालो, “जिथं घरगुती हा शब्द दिसेल ते सगळं एकदम घरगुतीत टाक. राहिलेलं व्यापारी.”

“सगळं?”

“सगळं.”

अर्ध्या तासात काम झालं. आम्ही चहा प्यालो. तक्ता मुख्यालयात गेला.

तिथं हा विषय बघणाऱ्या एक मॅडम होत्या. आवाज शांत, वाक्यं छोटी. त्यांचा फोन आला.

“वडवणीत खानावळी नाहीत का?”

“दिसत नाहीत, मॅडम.” मी समोरच्या तक्त्यात बघून सांगितलं. मी ज्या गावात जेवून आलो होतो त्या गावाबद्दल.

“कुणी बाहेर जेवतच नाही?”

इथं गप्प बसायला हवं होतं. मी मात्र मराठवाड्याच्या संस्कृतीवर बोललो, आणि तेवढ्यावर न थांबता पत्र लिहिलं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: ‘या भागातील जनता परंपरेने स्वगृही भोजन करणे पसंत करते.’ दोन दिवसांनी पुन्हा फोन.

“पत्र मिळालं. मग वडवणीत एका घराला महिन्याला अकरा टाक्या कशा लागतात?”

“एकत्र कुटुंब असेल, मॅडम.”

“किती एकत्र?”

मी कादरीला हाक मारली. त्यानं फॉर्म उघडून माझ्यापुढे धरला. पाटीवरील मजकूर: ‘कौसाबाईंची घरगुती खानावळ. घरगुती जेवण व पार्सल मिळेल.’ त्याच्या खाली दुसरा: ‘घरगुती चवीचा नाश्ता.’ तिसरा: ‘घरगुती पद्धतीची थाळी.’ आमच्या जिल्ह्यात पोटभर जेवण विकणारा कुणीही पाटीवर हा शब्द लिहिल्याशिवाय शटर उघडत नाही. जितकं धंद्याचं, तितकं ठळक घरगुती. मी सगळ्या खानावळी एका झटक्यात लोकांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या होत्या. एक फ्रिज-मिक्सर दुरुस्तीचं दुकानही गेलं होतं, कारण त्याच्या पाटीवर ‘घरगुती उपकरणे’ होतं.

“तुमीच म्हणलते, सगळं,” कादरी म्हणाला.

“म्हणलो होतो.”

“मी इचारलं बी होतं.”

“विचारलं होतंस, बाबा.”

आता मला लाज वाटत होती, आणि लाजलेला कारकून फार नीट काम करतो. सगळ्यात धोका तिथंच असतो. मी दुरुस्तीचं पत्र केलं आणि त्याला परिशिष्ट जोडलं: पन्नासेक खानावळी, गाव, खूण, टाकीचा रंग, महिन्याची संख्या. मालकाच्या नावाचा रकाना मी स्वतः काढून टाकला. शब्द दिला होता. तो रकाना काढताना मला स्वतःचं बरंच कौतुक वाटल्याचं आठवतं. ‘पाटीवरील मजकूर’ हा रकाना मात्र ठेवला, कारण घोळ तिथंच झाला होता आणि पुरावा म्हणून तो हवा होता.

त्यामुळे परिशिष्टाच्या एका ओळीत असं छापलं गेलं: वडवणी, बसस्टँडमागे, ‘कौसाबाईंची घरगुती खानावळ’, लाल, अकरा. मालकाचं नाव कुठंही नाही.

पत्राच्या शेवटी, तीस वर्षांच्या सवयीनं, मी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ असं लिहून चार कार्यालयांची नावं टाकली. ती कुणी मागितली नव्हती. पण पत्राखाली प्रती नसल्या की मला पत्र उघडंबोडकं वाटतं. आमची हयात गेली, माहितीसाठी सादर केलेली प्रत कुणी वाचल्याचं ऐकलं नव्हतं.

ही पुरवठा कार्यालयातल्या एकानं वाचली. त्याचं कामच ते होतं. त्याला दोष देता येत नाही.

दीड महिन्यानं कादरी सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“साहेब, वडवणीला तपासणी झाली. खानावळीतल्या लाल टाक्या नेल्या. कौसाबाईच्या चार.”

“कुणी तक्रार केली?”

“यादी घेऊन आलते म्हणं. टाईप केलेली. माझ्या मेव्हण्यानं बघितली.” तो थोडा थांबला. “आपल्याच फाँटमधी हाय, साहेब.”

मी त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही कामं निघाली. असली कामं मनात आणलं की निघतात. चौथ्या दिवशी गेलो. खानावळ चालू होती. कोपऱ्यात एक निळी टाकी उभी होती आणि कौसाबाई एका वाहकाला, ती जरा सरकवून दे, म्हणून विनवत होत्या. एकट्या बाईच्यानं भरलेली निळी टाकी हलत नाही. मी पुढे झालो, माझ्याच्यानंही हलली नाही. वाहकानं हलवली.

“बसा साहेब,” त्या म्हणाल्या. “आमच्यावर धाड पडली, ऐकलं का?”

“ऐकलं.”

“जावंनं सांगितलं असणार. तिचं कार्ड मी परत द्यायला उशीर केलता. धाड पडली त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद हाय.”

आता गप्प बसलो असतो तर आयुष्यभर गप्प बसलो असतो. मी ताट बाजूला ठेवलं आणि सांगितलं. फोन, यादी, पाटी, प्रती, सगळं. तिकडं माणसं जेवत होती, त्यामुळे हळू आवाजात.

“म्हंजे नाव लिवलं न्हाई,” शेवटी त्या म्हणाल्या.

“नाही.”

“पाटी लिवली.”

“हो.”

“पाटीवर माझं नाव हाय हे कळलं न्हाई तुमाला?”

“त्या वेळी नाही कळलं.”

“किती शिकलाव तुमी?”

मी पदवी सांगितली. विषयही सांगितला. त्यांनी मान हलवली, जणू त्यांचा एक अंदाज बरोबर आला.

“जेवा आधी,” त्या म्हणाल्या. “मग जावंकडं जा, अन् हे सगळं तिला जसंच्या तसं सांगा. मी सांगितलं तर तिला पटायचं न्हाई. तुमाला बघून पटंल.”

मी शेजारच्या पत्र्यात जाऊन एका अनोळखी बाईला शिवणयंत्रासमोर उभं राहून परिशिष्टाची हकीकत सांगितली. तिनं पाय थांबवला नाही. मशीन चालूच ठेवून म्हणाली, “तिला म्हणावं, कार्ड राहू दे, पर बोलाया ये.” तेवढं मी नेऊन पोचवलं. माझ्या नोकरीतलं बहुधा हे एकच पत्र, जे वेळेत आणि बरोबर माणसाकडे गेलं.

टाक्यांचं मात्र काही करता आलं नाही. मी त्या पुरवठा कार्यालयात जाऊन बसलो, सर्वेक्षण गोपनीय होतं असं म्हणालो. समोरच्या अधिकाऱ्यानं नम्रपणे पत्राची खालची ओळ दाखवली. ‘सविनय सादर’ खाली माझी सही होती. कौसाबाईंनी दोन महिने निळी टाकी चालवली. थाळीचा भाव वाढवावा लागला, तसे कारकून घरून डबा आणायला लागले. वाहक राहिले, पण तेवढ्यावर निळी चालत नाही.

वर्षानं दुसरी फेरी आली. मी फॉर्म घेऊन वडवणीला गेलो. पत्र्याच्या मागच्या अंगाला मातीची चूल होती. तोंडाशी बाभळीची फाटी, बाजूला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा. कौसाबाई फुंकणीनं जाळ धरत होत्या. आत दोन्ही शेगड्या धुऊन उलट्या ठेवल्या होत्या.

“इचारा,” त्या म्हणाल्या.

“डिझेल?”

“न्हाई.”

“रॉकेल?”

“कुठं मिळतंय आता?”

“गॅस?”

त्यांनी फुंकणीनंच शेगड्यांकडे दाखवलं.

मी तिन्ही ठिकाणी शून्य लिहिलं. फॉर्म पेट्रोलियमचा होता, त्यात लाकडाला रकाना नव्हता.

“अन् ह्यो धूर?” त्यांनी विचारलं. “ह्यो कुठं लिवला?”

मी प्रशिक्षणात शिकलेलं सांगितलं. लाकडाचा कार्बन झाडानं हवेतूनच घेतलेला असतो, नवं झाड वाढलं की ते परत घेतं, म्हणून हिशेबात तो धरत नाहीत.

त्यांनी पऱ्हाट्यांचा भारा बघितला, मग मला बघितलं. “झाडाला कळवलंय का तुमी?”

त्यांना खोकला आला, तो थांबेपर्यंत मी फॉर्मवर तारीख घातली. मला जेवायला बोलावणार नाहीत असं वाटत होतं, पण ताट आलं. भाकरीला धुराचा वास होता. एका वाहकानं त्याची तारीफ केली, गॅसवरच्या भाकरीला ही चव नाही म्हणाला. कौसाबाईंनी फुंकणी पुन्हा उचलली.

अशी चूल त्या यादीतल्या बऱ्याच ठिकाणी दिसली. तक्ता वर गेला, आणि मॅडमचा फोन आला. या वेळी आवाज खुश होता.

“वडवणी तालुक्यात व्यापारी पेट्रोलियमचं उत्सर्जन चांगलं घटलंय. काय उपाय केलात?”

“यादी केली, मॅडम.”

“म्हणजे?”

“खानावळींची यादी केली, ती सगळीकडे पाठवली. लोक लाकडावर गेले.”

“लाकूड आपल्या विषयात नाही,” त्या म्हणाल्या. त्यात कपट नव्हतं. खरोखरच नव्हतं ते त्यांच्या विषयात. “अहवालात जिल्ह्यांच्या चांगल्या उपक्रमांचं एक पान आहे. दोन वाक्यं लिहून पाठवा.”

मी दोन वाक्यं पाठवली. पहिलं: ‘व्यापारी आस्थापनांची परिपूर्ण यादी तयार करून ती संबंधित कार्यालयांना वेळोवेळी उपलब्ध करून देण्यात आली.’ दुसरं: ‘परिणामी खानावळी लाकूड जाळू लागल्या असून, हा धूर कोणत्याही तक्त्यात आलेला नाही.’ इतकं सरळ वाक्य मी सरकारी कागदावर त्यापूर्वी लिहिलं नव्हतं. ते लिहायला मला दुपार लागली.

अहवाल छापून आला तोवर मी निवृत्त झालो होतो. एक प्रत कादरीनं घरी आणून दिली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हिरवं पान. आपल्या जिल्ह्याखाली माझं पहिलं वाक्य होतं.

ती प्रत घेऊन मी एसटीनं वडवणीला गेलो. दुपारची गर्दी ओसरली होती. कौसाबाई चुलीपुढे होत्या, जाऊ पलीकडे भाजी निवडत बसली होती. मी पाट ओढला आणि पान उघडून वाक्य वाचून दाखवलं. वाचताना ‘परिपूर्ण’ या शब्दापाशी जाऊ हसली. मग दुसरं वाक्य काय होतं ते मी तोंडी सांगितलं.

“ते कुठं गेलं?” कौसाबाईंनी विचारलं.

“जागा नव्हती म्हणाले.”

त्यांनी एक फाटं आत सारलं. ओलं होतं, चरचरलं.

“जरा तिकडून बसा साहेब,” त्या म्हणाल्या. “धूर तुमच्याकडं यायलाय.”